बाकड्यावरची पीएचडी

हळू… अहो, हळू. या, बसा, घोंगडीवर बसा, चपला तिकडं बांधावर सोडा, पण आवाज करायचा न्हाय. आंबील पाह्यजे? मागा की, येळवशीच्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात आलेल्या माणसानं आंबील न्हाय मागायची तर काय मागायचं? आंबिलीचंच सांगतो तुमाला, पण जरा दमानं, कारण ती गोष्ट मधनं सांगून जमत न्हाय, आणि त्या कडब्याच्या कोपीत माणसं झोपल्यात. कोण झोपलंय? तेच तर सांगायलोय. तवर ही भज्जी घ्या, सगळ्या शेंगाभाज्या एकत्र शिजवलेली. खारट लागंल. व्हय, मीच केली. हसा, पण हळू हसा. आपली काय तक्रार न्हाय.

तुमाला सांगतो, जलम गेला एस्टीत कंडक्टरकी करण्यात, कोण कुठं उतरणार ते नुसत्या तोंडावरनं वळखायचो, पण आमची सून शिवकन्या कुठल्या स्टॉपला उतरणार ते काय मला कळलं न्हाय. लगीन होऊन आली तवा एम.ए. व्हती, तुळजापूरला कॉलेजात तासावर शिकवायला लागली, बरं चाललं व्हतं, आणि एक दिवस जेवताना म्हणली, "मामा, मला पीएचडी करायचीय. स्त्री अभ्यासात." आता आमच्या तामलवाडीच्या घरात भांडण कानडीत हुतं आणि समजूत मराठीत, त्यामुळं लक्ष्मम्मा, म्हणजे आमची मंडळी, "येन्री हे?", काय हो हे, म्हणली तवा मला वाटलं पेटलं आता. पण ती म्हणली, "बाईचा अभ्यास करायला धाराशिवला कशाला जायाचं? मी हाय की हितं चुलीपशी. बघ आन् लिव." आमचं पोरगं अमरनाथ नुकतंच द्राक्षाला औषध मारून आलतं, ते म्हणलं, "करू दे की," आणि दुसरी भाकरी मागितली. नवऱ्याचा पाठिंबा तेवढ्यात संपला. मग राहिलं कोण? सुनेला एकटीला एवढ्या लांब पाठवायचं न्हाय, असा घरचा कायदा. कुणी केला म्हणता? मीच केला. मग मीच निघालो.

ती बाई म्हणून पुढं पुढं तिचं तिकीट अर्धं झालं, मी म्हातारा म्हणून माझं अर्धं, म्हणजे दोघं मिळून सरकारच्या लेखी एक माणूस धाराशिवला जायचा. ह्यो एक माणूस आधी प्रवेश परीक्षेला गेला. त्यात पास झाला. मग त्याला समितीपुढं उभं केलं, विषय कोणता, का घेतला, कसा करणार, आणि समितीनं विषय परत पाठवला. मग दुसरा घेतला, त्योबी परत. तिसऱ्या खेपेला शिवकन्या म्हणली, "येळवशीच्या सणातलं बायकांचं काम," आणि समिती म्हणली हां. मला म्हणाल तर मला राग आलता. येळवस म्हणजे काय कामाचा विषय हाय का? शेतात कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आंबील प्यायची, भज्जी खायची आणि कडब्याच्या सावलीत ताणून द्यायची. ह्यात काम कुठंय? तर ती म्हणली, "मामा, तुमाला दिसत न्हाय, म्हणून तर विषय घेतलाय." पुढं काय बोलणार? गप बसलो. आपली काय तक्रार न्हाय.

बसलो म्हणजे खरंच बसलो. त्या केंद्राच्या दाराबाहेर एक बाकडं हाय लाकडी. आत शिवकन्या आणि तिच्या गाईडमॅडम, बाहेर मी. दारात पाटी, 'स्त्री अभ्यास केंद्र', पाटीखाली मी, जाणारायेणारा आधी पाटीकडं बघायचा, मग माझ्याकडं. पोरी विचारायच्या, "काका, तुमचं सिनॉप्सिस झालं का?" म्हणायचो, चाललंय बाई. आणि दार काय पुरतं लागायचं न्हाय, त्यामुळं आतलं सगळं माझ्या कानात. तुमाला सांगतो, त्या बाकड्यावर बसून बसून अर्धी पीएचडी माझी झालीया. पितृसत्ता म्हणजे काय, विचारा. बापाची सत्ता. एकदा परतीच्या गाडीत मी शिवकन्याला म्हणलं, आपल्या घरात तर सगळी सत्ता लक्ष्मम्माची, मग ही तुझी पितृसत्ता कुठं बसवायची? तर खिडकीतनं बाहेर बघत म्हणली, "मग आत्याबाई रोज शेवटी का जेवत्यात, मामा?" म्हणलं, तिला भूकच उशिरा लागती. तिनं वही काढली आणि माझं बोलणं लिवून घेतलं. तुळजापूर येईस्तवर लिवतच व्हती.

आणि त्या बाकड्यावर झोप काय सुरेख यायची म्हणता… समोर लिंबाचं झाड, वारा लागायचा, आतनं त्या दोघींचं हळू हळू बोलणं, डोळा लागला की एकच सपान. लाल गाडी. पाटीवर काय लिवलेलं न्हाय. आत नुसत्या बायका, मांडीवर डबे घेतलेल्या, आणि श्टेरिंगवर कोण? लक्ष्मम्मा. डोक्यावर पदर, पाय ब्रेकपतूर पुरायलेत का न्हाईत देव जाणे, पण गाडी काय चाललीया… रस्ता सोडून ज्वारीतनं, करडीतनं, कणसं खिडकीला घासत, धुकं कापत, एक कणीस मोडत न्हाय. मी घंटी मारतोय, गाडी थांबत न्हाय. मी विचारतोय, बाई कुठं जायाचं, तर सगळ्या हसायल्यात. आणि एकजण म्हणती, "तुमचं तिकीट दाखवा." आता कंडक्टरला तिकीट? मी पिशवी चाचपतोय, खिसे चाचपतोय… आणि शिवकन्या खांद्याला हात लावून म्हणायची, "मामा, उठा, गाडी चुकंल." कितीदा पडलं असंल ते सपान. लई गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू, पण तिकीट काय मिळायचं न्हाय.

तर असा अभ्यास वाढत गेला. शिवकन्या येळवशीला शेताशेतात फिरायची, आधी आठ दिवस घराघरात जायची, शेंगा कोण सोलतं, बाजरीचे उंडे कोण वळतं, डोक्यावर कोण आणतं, आणि परत आल्यावर भांडी कोण घासतं. मुदत संपली, वाढवून घेतली, वाढवलेली संपायला आली. गाईडमॅडम म्हणल्या, आता न्हाय झालं तर पयल्यापासनं. पयल्यापासनं म्हणजे काय, परत ती परीक्षा, परत ती समिती, परत ते बाकडं. पोरीचं वजन उतरलं. रडायची न्हाय, नुसती चुलीपशी उभ्या उभ्या वाचायची आणि दूध उतू जायचं. पण प्रबंध दिला तिनं. राहिली एक व्हायवा. म्हणजे काय, परीक्षक समोर बसून तोंडी विचारणार, आणि मुख्य म्हणजे ती खुली असती, कुणीबी येऊन बसावं. कुणीबी! कळलं का तुमाला? एवढी वर्सं जे दार पुरतं लागत नव्हतं आणि पुरतं उघडतबी नव्हतं, त्या दाराच्या आत मी खुर्चीवर बसणार. मी नवीन टोपी आणली. टोपी घालून आरशात बघायचो. लक्ष्मम्मा म्हणायची, "व्हायवा तुमची हाय का तिची?"

आणि फोन आला. शिवकन्या वर्गात असती म्हणून तिनं माझा नंबर दिलता. विद्यापीठातला माणूस, लांबचा, बोलणं एकदम साफ, "काका, बाहेरचे परीक्षक एकाच तारखेला मोकळे आहेत, त्यानंतर तुमची मुदत संपते. पण कॅलेंडरात त्या दिवशी अमावस्या दिसतेय. तुमच्याकडं चालेल ना?" आता तुमीच सांगा. बाहेरचा माणूस आमाला अमावस्येची भीती घालतोय! मी ताठ झालो. म्हणलं, साहेब, तुमच्याकडं अमावस्या वाईट असंल, आमच्याकडं ही अमावस्या म्हणजे वर्सातला सगळ्यात मोठा दिवस, खुशाल धरा. त्यानं धरली. फोन ठेवला. मग माझ्या ध्यानात आलं की मोठा दिवस म्हणजे येळवस, आणि येळवशीला सगळा जिल्हा शेतात, बाजार बंद, हाटेलं बंद, रस्त्यावर कुत्रं न्हाय, आणि आमच्या घरातनं पन्नास माणसांचा सैपाक शेतावर जातो, त्यो करणार दोघी, त्यातल्या एकीची व्हायवा. ह्यात माझं काय चुकलं? त्यानं अमावस्येचं विचारलं, मी अमावस्येचं सांगितलं.

घरी सांगितलं. तुमाला सांगतो, कानडीत भांडण झालं असतं तर बरं, दोघी नुसत्या शेंगा सोलत राहिल्या. मी म्हणलं, सण साधाच करू, बाहेरनं सैपाक सांगू. लक्ष्मम्मा म्हणली, "पांडवांना बाहेरचा निवद?" म्हणलं, मग तारीख बदलून घेऊ. शिवकन्या म्हणली, "मुदत संपती, मामा." मग ती हळूच म्हणली, मान खाली घालून, पण म्हणली, "मी जाते. सैपाक तुमी करा." मी अमरनाथकडं बघितलं, अमरनाथनं भाकरीकडं बघितलं. मी म्हणलं, अगं पण तुला एकटीला… तर लक्ष्मम्मा उठली. "एकटी कशाला? मी जाते की. खुली असती न्हवं?" एवढं बोलली आणि शेंगांची टोपली माझ्यापुढं सरकवली. झालं. टोपी राहिली खुंटीला. आपली काय तक्रार न्हाय.

आज सकाळी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी मोकळीच, येळवशीला कोण जातंय? दोघी चढल्या. लक्ष्मम्मा खिडकीपशी, इरकल नेसलेली, मांडीवर डबा. धुकं एवढं पडलेलं की ज्वारी दिसंना, नुसती कणसं तरंगायलेली. आणि माझ्या अंगावर काटा आला बघा. सपानातलीच गाडी, आणि मी खाली. हात सवयीनं वर गेला, गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, म्हणलं, जाऊ द्या… आणि गेली. डोळ्यात पाणी आलं. धुक्यानं न्हाय, खरंच आलं.

पुढचं विचारू नका. भज्जीत मीठ अमरनाथनंबी घातलं आणि मीबी घातलं. उंडे वळलेत का फेकून मारायला केलेत, असं शेजारच्या शेतातला बंडप्पा म्हणला. आंबील तेवढी लक्ष्मम्मा आदल्या दिवशीच घालून गेलती, म्हणून इज्जत राहिली. सगळं डोक्यावर वाहून आणलं, मान अजून वाकडी हाय. आणि दुपारी बांधावर एक भाड्याची गाडी थांबली. आधी लक्ष्मम्मा उतरली, मग शिवकन्या, मग हे मफलरवाले परीक्षक. मी पळी हातात घेऊन उभा. लक्ष्मम्मा म्हणली, "बघताय काय? डॉक्टरीणबाईला पाणी द्या."

आत काय झालं ते सगळं मला लक्ष्मम्माकडनंच कळलं. पुढच्या खुर्चीवर बसलती म्हणं, गादीच्या. परीक्षकांनी शेवटचा प्रश्न टाकला, "तुम्ही इतक्या शेतांत फिरलात. असं एक तरी शेत सापडलं का, जिथं येळवशीला पुरुषांनी रांधलं आणि बायका आधी जेवल्या?" गाईडमॅडमनी खाली बघितलं. आणि आमची पोरगी म्हणली, "आजपर्यंत नव्हतं, सर. आज एक शिजतंय. जेवायला चला."

आले की हो ते खरंच. गावात हाटेल उघडं न्हाय, न येऊन काय करतील? पांडवांना निवद दाखवला, आणि ह्या तिघांना आधी वाढलं. परीक्षकांनी भज्जी खाल्ली, पाणी प्याले, परत खाल्ली, परत पाणी. आंबील मात्र तांब्या तांब्या प्याले, आणि आडवं व्हता व्हता शिवकन्याला म्हणले, "मॅडम, दुरुस्ती म्हणून ही एक तळटीप घाला," आणि घोरायलेच लागले. तळटीप म्हणजे काय, म्हणलं. ती म्हणली, "पानाच्या खाली बारीक अक्षरात लिवतात ते, मामा. तुमी तिथं येणार." म्हणजे पुस्तकातबी मला बाकडंच.

मग पंगती उठल्या, सगळे पांगले, आणि शेवटी मी न् अमरनाथ बसलो. दोन घास खाल्ले, मडकं कलतं केलं… कोरडं. हलवून बघितलं. कोपीतनं लक्ष्मम्मा डोळे मिटूनच म्हणली, "शेवटी बसणाऱ्याला नसती ती." रागानं न्हाय हो. आज पाऊस न्हाय म्हणावं, तसं म्हणली, आणि कूस बदलली. एवढ्या येळवशी झाल्या, मला वाटायचं तिला आंबील आवडत न्हाय.

तर तुमी आंबील मागितली. न्हाय. संपली. आणि जोरात हाका मारू नका, पयल्यांदाच दोघी येळवशीच्या दुपारी झोपल्यात. सपानात गाडी फलाटाला लागली असंल तर लागू द्या. तुमी आपले त्या परातीपशी सरका, भांडी लई हायेत, मी घासतो, तुमी विसळा… पण हळू, वाजवू नका. आपली काय तक्रार न्हाय. आणि असली तरी सांगायची कुणाला? घरातली डॉक्टर झोपलीया.