महादेवरावांचा वॉकर

हॅलो?… हॅलो… कोण?… जरा मोठ्यानं बोला जी, मधातच तुटून राहिलं…

अरे बाप्पा, महादेवराव होय! सकाळपासून तुम्हाले फोन लावून राहिली मी, अन् तुमचा फोन बंद… चार्जिंगले होता?… हाव, प्रेमलताच बोलून राहिली, क्लबवाली, धरमपेठची… नाही, आवाज ठीक आहे माझा. पडल्या पडल्या बोलते, म्हणून तसा येते.

ते राहू द्या. आधी मले हे सांगा, तुम्ही तुमचा वॉकर काहून पाठवला?… हाव, पोहोचला न काल. पारशिवनीच्या बसच्या कंडक्टरनं मोर भवनच्या बसस्टँडवर उतरवून देला. आमचे हे गेले होते घ्यायले. कंडक्टर ह्यायले म्हणे, भैयाजी, वॉकर तं आला, पण त्याच्यावर चालणारा माणूस कुठं आहे?… हसून काय राहिले? बरोबरच विचारलं त्यानं! माणूस तिकडं बाजेवर बसून, अन् वॉकर इकडं नागपुरात हिंडून राहिला!

काम झालं? कसं काय झालं जी काम?… महादेवराव, मले नका सांगू. म्हशीनं ढकललं अन् तुमचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा डॉक्टर माझ्या तोंडावर बोलले होते, बुवाले आता वॉकरशिवाय गत नाही… मग?… संडासले कसे जाता?… काठीनं? कोणती काठी?… पऱ्हाटीची! अहो, कापसाची वाळकी काडी काय माणसाचं वजन तोलते? चुलीत घालाची वस्तू ती!

फोन वंदनाले द्या… सुनेले द्या म्हणते न तुमच्या… द्या तं खरं…

हॅलो, वंदना? कशी आहेस वं?… मी बरी. तू मले खरं सांग, सासरे चालते काय वॉकरशिवाय?… हं… हं… वॉकर गेला तेव्हापासून बाजेवरच?… अन् उठवते कोण?… तू एकटी! माय वं… तुले न विचारता पाठवला? तू वावरात गेली होती… मग बसवाल्याले देला कोणी?… अंगणातूनच आवाज देऊन बस थांबवली! काय माणूस आहे वं हा!

तुझ्याच मोबाईलवर आला होता न मेसेज?… हाव, तोच. दीपमालाचा. या वर्षी तीच अध्यक्ष आहे न क्लबची. आमचं दर महिन्याचंच आहे ते. पहिल्या रविवारी क्लबच्या गॅरेजमधून सामान वाटतो, वॉकर, कुबड्या, पलंग, चाकाची खुर्ची. सामान कमी पडलं का मेसेज टाकतो, ज्याचं काम झालं त्यानं वापस आणून द्या, दुसऱ्याले लागते. एवढंच लिहाचं. पण यावेळी त्या दीपमालानं वरतून जोडून देलं, प्रेमलताताईंचा पाय मोडला, त्यांच्यासाठी वॉकर पायजे. झालं मग! काम झालं असंल तं, हे कोणाले दिसलंच नाही. पाय मोडला, एवढंच दिसलं साऱ्यायले.

अगं, काय सांगू तुले! हिंगण्याचा तो अंकुश, कंपनीत कामाले आहे पाहा, त्याच्या माईले देला होता वॉकर. तो ड्युटी संपवून तसाच आला मोटरसायकलवर, वॉकर गळ्यात घालून! सिग्नलवर लोकं पाहून राहिले होते म्हणे. मग बायजाबाईचा आला, ऑटोतून. एकाजवळ वॉकर नव्हता, तं त्यानं कमोडची खुर्ची आणून ठेवली. म्हणे, ताई, कशालेही लागंल… हस, हस तू. आमच्या हॉलमध्ये पाय ठेवाले जागा नाही. हे पेपर वाचाले बसते तं चहूकडून वॉकर. वैतागले, पण तोंडानं काही बोलत नाही. काल तं मी पाहिलं, प्रत्येक वॉकर फडक्यानं पुसून राहिले होते अन् डोळेही पुसून राहिले होते.

खरं सांगू वंदना, मले वाटत होतं आपण देतो अन् लोकं विसरून जाते. विसरलेच पायजे, त्यात काही वाईट नाही. ब्लँकेट देलं, थंडी गेली, संपलं. तुमच्या गावात मागच्या वर्षी आम्ही ब्लँकेट कमी वाटले अन् भाषणंच जास्त केले, माहीत आहे मले. तरी तुम्ही बाया आम्हाले जेवल्याशिवाय हलू देलं नाही. अन् आता हे… दे वं, सासऱ्यायले दे फोन. थांब, मले पाणी पिऊ दे एक घोट…

हं, बोला महादेवराव… मी?… माझं काय, मी मस्त आहे. ऑपरेशन चांगलं झालं… हाव, आतमधून सळई टाकली… उठली न. उठते. चालते थोडं थोडं, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येते… तुमच्याच वॉकरवर, हाव जी. एकदम छान आहे… उंची? उंची बरोबर आहे न. मुठी अशा मनगटाशी येते, जशा याले पायजे तशा…

काय म्हटलं?…

हं… हाव… तुम्ही उंच आहा, हे खरं आहे… मी तुमच्या खांद्याएवढीही नाही, तेही खरं… नाही, उंची कमी कराचे खालचे बटन कोणी दाबले नाही. बसमधून जसा उतरला तसाच उभा आहे तो, दारापाशी…

बरं बाप्पा, पकडलं तुम्ही. खोटं बोलली मी. नाही उठली अजून… एक डावही नाही…

कोणाले सांगू जी? डॉक्टर रोज रागावते. ती नंदिनी येते न, व्यायाम घेणारी पोट्टी, ती काल स्पष्ट बोलून गेली. काकू, या हप्त्यात पाय टेकवला नाही तं मग तुमचं उठणं माझ्या हातात नाही राहणार. तुमचे भैयाजी तोंड फिरवून खिडकीतून पाहत होते… कळते मले. साऱ्या गोष्टी कळते. मीच तं सांगत होती साऱ्यायले, बिछान्याशी दोस्ती करू नका, तो सोडत नाही म्हणून… हाव, तुम्हालेही सांगतलं होतं.

पण भेव वाटते, महादेवराव. लय भेव वाटते. पाय खाली सोडला का त्या दिवशीचं सारं डोळ्यासमोर येते… कुठं पडली म्हणजे? गॅरेजमध्ये! मागच्या पहिल्या रविवारी. लोकं रांगेत उभे होते, मी चाकाची खुर्ची पुसत पुसत मागं सरकली अन् तिच्याच पाय ठेवाच्या पट्टीत पाय अडकला. दीपमाला माईकवर बोलून राहिली होती, आमच्या प्रेमलताताई क्लबचा कणा आहे. अन् कणा धाडकन खाली!… हसा तुम्ही. तेव्हा कोणी हसलं नाही. तेच वाईट वाटलं मले. साऱ्या गॅरेजमध्ये कोणी हसलं नाही.

अन् लाजही वाटते. खरं बोलते आता, लपवून काय करू. ज्यायले मी हात धरून चालाले शिकवलं, ते लोकं मले वॉकरवर पाहतीन. कणा कसा चालते पाहा, म्हणतीन… नाही म्हणणार?… तुम्हाले काय माहीत?

हं… शटर? कोणतं शटर?… हाव हाव, आठवलं! तुम्ही अडून बसले होते, सुनेसमोर मी वॉकरले हात लावत नाही म्हणून. पटका काढून मांडीवर ठेवला होता, तोंड एवढं मोठं करून. मग मी साऱ्यायले चहा प्यायले बाहेर पाठवलं अन् गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं… मी काय बोलली होती तेव्हा?… नाही, मले नाही आठवत. काय बोलली होती?…

पडले तं पडले, मी उचलीन? असं म्हटलं होतं मी?… अहो, पण मी कशी उचलली असती तुम्हाले! तुम्ही साडेसहा फुटाचा गडी, माझे तं हातही पुरले नसते!… तुम्हालेही माहीत होतं?… अन् तरी उठले?

…

नाही, आहे मी. फोन नाही कटला. पदर शोधून राहिली, डोळे पुसाले…

पाहा महादेवराव, एवढे वर्षं झाले मले या क्लबमध्ये. जूनमध्ये वह्या, हिवाळ्यात ब्लँकेट, डोळ्याचे शिबिर, रक्तदान, एक महिना सोडला नाही. दर वेळी कोणी ना कोणी हात जोडते, मी म्हणते, अहो, त्यात काय. किती सोपं होतं ते म्हणणं! आता तुम्ही तुमचे पायच काढून पाठवून देले बसनं, अन् मले ‘त्यात काय’ असं म्हणताच येऊन नाही राहिलं. उपकार म्हणाव तं तुम्ही रागावता… हाव, आत्ताच रागावले न! बरं, नाही म्हणत.

पण तो वॉकर मी ठेवणार नाही, हे ऐकून ठेवा. उद्या पहिला रविवार आहे, गॅरेजमधलं वाटप झालं का क्लबची गाडी ब्लँकेट घेऊन तुमच्याच गावात येते. दीपमाला तुमचा वॉकर तुमच्या अंगणात आणून देईल. मले घरात दुसरे ढीगभर आहे… काहून नाही घेणार?… म्हणजे?… मी उठल्याशिवाय तुम्ही नाही उठणार?

हे पाहा, असं नका करू. हा काय खेळ आहे?… वंदनाचं तं काही वाटू द्या! तिनं वावर पाहाव, म्हशी पाहाव, का तुम्हाले उचलाव?… महादेवराव… अहो, ऐका तं… उपास धरल्यासारखं काय करता? दोन बुढे दोन गावात बाजा धरून बसतीन, अन् लोकं म्हणतीन क्लबनं चांगलं काम केलं!… 

वंदना हसून राहिली काय मागं?… तिच्यासमोर बोलले तुम्ही हे? तिच्यासमोर कबूल केलं का तुम्हाले उठता येत नाही?… हं. मग तं शटर उघडंच झालं तुमचं…

बरं.

बरं म्हटलं न… नाही, उद्या नाही. उद्या म्हटलं तं रात्रभर भेव वाटंल. आत्ताच… हाव, आत्ताच उठते. आजच्या दिवस तुमच्याच वॉकरवर, मग तो तुमचा तुम्हाले वापस.

अहो! ऐकलं काय? इकडं या जरा… तो नाही, तो अंकुशचा आहे. दारापाशी उभा आहे तो, उंचवाला, महादेवरावांचा… हाव, आणा… काय झालं म्हणजे? काही नाही झालं, उठून राहिली मी… असं तोंड करून पाहू नका हो, बटन दाबा. चारही पायाचे दाबा. अजून खाली. अजून. मी काय उंट आहे?… हं, आता जमलं. बसला टक्कन.

महादेवराव, आहा न तुम्ही?… पाय खाली सोडून राहिली… एक सोडला… बाप्पा, फरशी किती थंडी आहे! किती दिवसानं पायाले फरशी लागली… दुसराही टेकला… दुखते न, काहून नाही दुखणार?… नाही, रडून नाही राहिली… बरं, रडून राहिली. मग? माझा फोन आहे, माझं तोंड आहे, रडीन. चांगलं वाटून राहिलं म्हणून रडून राहिली.

तुमचे भैयाजी समोर उभे आहे, दोन्ही हात पुढं करून. मले वाटच देऊन नाही राहिले… हाव, सांगते त्यायले, मागं सरा म्हणून… अहो, महादेवराव म्हणून राहिले, मागं सरा.

काय?… फोन चालू ठेवू? तुम्हाले ऐकाचं आहे?… कसा ठेवू जी फोन हातात, वॉकरले दोन्ही हात लागते.

ठेवते मी.