मालिकेतला हट्टी बाप

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन आजोबा नंबराची वाट पाहत बसले होते.

“रात्रीच्या मालिकेतला तो बाप बघता का हो? हेकट नुसता. स्वतःची चूक म्हणून कबूल करायची नाही. पण एखाद्या दिवशी तो दिसला नाही, तर आम्हाला चुकल्यासारखं होतं.”

“बघतो ना. माझी मुलगीच लिहिते ती मालिका.”

“काय सांगता? मग हा बाप तिला सुचला कुठून?”

“घरातूनच. तो मी.”

“अहो, राग मानू नका, मी आपलं बोलून गेलो.”

“खरंच बोललात. तिच्या लग्नात मी रुसून बसलो होतो, तेही दाखवलं तिनं.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“आठवडाभर अबोला धरला. आता रोज सकाळी फोन करतो. म्हणतो, माझी ही एक चूक राहिली बघ, लिहून घे.”