नऊच्या गाडीनं येणार

प्रश्न कसा विचारावा ते आमच्या शकुंतलाताईंकडनं शिकावं. त्या पंचायत समितीच्या सदस्य, आन् मी तिथं सभेचं इतिवृत्त लिहिणारा क्लार्क. कॉलेजच्या पोरींची सकाळची बस का येत न्हाई, असा त्यांनी लेखी प्रश्न टाकलेला. उत्तर त्यांना आधीच पोचलं होतं. तेच बसवाल्या साहेबांनी सभेत वाचलं, "नऊची गाडी रोज नियमित येते."

आन् ताईंची खुर्ची रिकामी! मला ताईंचा असला राग आला.

साहेब खूश. म्हणाले, "सदस्य गैरहजर आहेत. प्रश्न निकाली काढा."

सभापतींनी ताईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला. "ताई, कुठं राहिलात?"

"स्टॉपवर हाय, आप्पा. साहेबांच्या नऊच्या गाडीनं निघालेय. साडेअकरा झाले."

सगळी सभा खदखदून हसली. साहेब घाईघाईनं म्हणाले, "मॅडम, माझी जीप पाठवतो."

"जीपचं काय करू? माझ्यासंगं चौदा पोरी उभ्या हायेत. सगळ्या मावतील असं काय हाय का तुमच्याकडं?"

हसणं बंद.

मी गुपचूप इतिवृत्तात ताईंच्या नावापुढचं 'गैरहजर' खोडलं आन् 'हजर' लिहिलं.