खोल वाळूतला चोर बोंबील

— अहो ताई, बोट तोंडात नको! मोजायचं ते बाहेरून मोजा. चोर बोंबील आहे तो, मेला तरी ओरबाडतो. जिभेवरसुद्धा दात — दिसले? समुद्राच्या तळाला वाळूत अंग पुरून बसतो, डोळे तेवढे बाहेर, आणि वरून मासा गेला की गट्टम! सापडतो कुठे? तुमच्या पुस्तकात काय असेल ते असो, हा पिवळ्या ठिपक्यांचा एकाच जागी — मासेमारीला बंदी आहे ना, त्या पट्ट्यात, खोल वाळूत. इकडे किनाऱ्याच्या खडकांपाशी? छे! तीस वर्षं तांडेल आहे मी, बोट माझ्या हातात — खडकांपाशी एक जरी मिळाला असेल तर मिशी उतरवीन. गेल्या वर्षी बघायला हवे होते, जाळं वर घेतलं तर नुसते हेच, डेकवर पाय ठेवायला जागा नाही. त्यांच्यावरूनच तर घसरला तो — मेहुणा हो माझा, बायकोचा धाकटा भाऊ. जाळं ओढता ओढता पाय सटकला नि कठड्यावरून गेला. दोरी फेकली, एकदा हात दिसला, मग लाटच लाट —

कुठे म्हणजे? खडकांपाशी. वायरलेसवर मीच कळवलं, तसंच नोंदलंय. चार बोटी आल्या शोधायला, दोन दिवस खडकांपाशी —

हे काय लिहिताय? माशाचं लिहा ना. आणि असं बघू नका माझ्याकडे! खरी जागा सांगितली असती तर परवाना गेला असता. आठ माणसं बोटीवर, आठ घरं. आणि तो वाचणार होता थोडाच — म्हणजे, पोहायला येत होतं त्याला. चांगलं येत होतं. लाइफ जॅकेटही होतं अंगात, मीच दटावून घालायला लावलं होतं... दोन दिवस, ताई. दोन दिवस माणूस तरंगतो का हो? नाही तरंगत. नाहीच. बायको अजून दर रविवारी त्या खडकांवर जाऊन बसते. मीही बसतो शेजारी.

ते पान द्या इकडे. द्या म्हणतो ना! — बरं, नका देऊ. उचला तुमची पट्टी, लिलाव सुरू होतोय. पण पुढच्या दारानं नको. तिथे मासे साफ करत बसलीय ना, ती माझी बायको. तुम्हाला बघून हसेल, चहा घ्या म्हणेल, बसवून घेईल. मागच्या दारानं जा. जा आता.