खाट क्रमांक चारवरील ऑक्सिजनबाबत

जबाब
दिनांक १६/०२/२०२५

नाव मालोजी रावजी उतेकर, वय ७४ वर्षे, धंदा सेवानिवृत्त शिक्षक (कनिष्ठ महाविद्यालय, विषय तर्कशास्त्र) व शेती, रा. कापडे, ता. पोलादपूर, जि. रायगड.

मी आज रोजी महाड येथे पोलीस ठाण्यात कोणीही न बोलावता हजर राहून समक्ष सांगतो की, माझा मुलगा हर्षद, राहणार कांदिवली, मुंबई, याने दि. १४ रोजी दिलेला तक्रार अर्ज मी वाचला आहे. माझी पत्नी साळूबाई, वय ६९, हिच्या मृत्यूबाबत त्यात दोन विधाने आहेत. पहिले, परिचारिका सेजल मंगेश शेडगे, रा. दासगाव, यांनी ऑक्सिजन दोनऐवजी सहावर ठेवला. दुसरे, त्यांनी रुग्णाकडे लक्ष दिले नाही. दोन्ही विधाने असत्य आहेत. हर्षद खोटे बोलत नाही. त्याला ठाऊक नाही. ठाऊक मला आहे.

साळूबाईस फुप्फुसाचा जुना विकार होता. चाळीस वर्षे चुलीचा धूर, हे डॉक्टरांनी कारण सांगितले. आमच्या घरी गॅस २०१७ साली आला. तो आधी आणणे मला शक्य होते.

दि. ७ रोजी तिला अर्जात नमूद रुग्णालयात खाट क्रमांक चारवर दाखल केले. सेजल यांनी मला भिंतीवरील ऑक्सिजनचे मापक दाखवले. त्यातील तरंगती गोळी दोनच्या रेषेवर, म्हणजे मिनिटाला दोन लिटरवर होती. त्या म्हणाल्या, "सर, ही गोळी दोनवरच राहील. बोटावरच्या यंत्राचा आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव, एवढाच हवाय. वर गेला तर आनंद मानू नका." मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "यांच्या शरीराला कमी ऑक्सिजनची सवय झालीय. जास्त दिला तर आतला कार्बन डायऑक्साइड साठतो, रक्त आम्ल होतं, गुंगी येते. आणि नातेवाईक म्हणतात, बरं झालं, झोप लागली. गाढ झोपल्या तर हाक मारा. उठल्या नाहीत तर मला हाक मारा." हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले व समजले असे सांगितले. समजले होते.

सेजल यांनी तिला ओठ मुडपून सावकाश श्वास सोडायला शिकवले. "मावशी, फुंकणीनं चूल फुंकता ना, तसं. पण घाई नको, भात काय पळून जात नाय." साळूबाई म्हणाली, "चुलीनंच मारलान, नि चुलीचंच औषद व्हय गो?" हे वाक्य तिने चार श्वासांत पूर्ण केले.

चार श्वास हे मी नेमके सांगू शकतो, कारण सेजल यांनीच मला रुग्ण एका श्वासात किती शब्द बोलतो ते मोजण्यास सांगितले होते. त्यावरून धाप कळते. मी वही केली. दि. ८ रोजी दोन शब्द: "पानी नको." दि. १० रोजी पाच: "चांगूनं म्हशीला पानी दावलं का?" चांगू हा आमचा शेजारी. त्याच दिवशी वही पाहून ती म्हणाली, "मास्तर, मी बोलत व्हते तवा ऐकलात नाय, आता मोजताय व्हय?" सेजल म्हणाल्या, "मावशी, दम लागेल, गप ऱ्हावा." त्यावर ती म्हणाली, "तूच लावलंस ना गो मोजायला!" सेजल हसल्या. या वाक्यांचे श्वास मी मोजले नाहीत.

दि. ११ रोजी दुपारी २.१५ वाजता हर्षदचा व्हिडिओ कॉल आला. तो म्हणाला, "बाबा, मशीन दाखवा. एटी नाइन? कोविडमध्ये आपण नाइन्टी फाइव्ह बघायचो ना? सांगा त्या लोकांना." मापकास हात लावण्यास त्याने सांगितले नाही, हे नमूद व्हावे. २.२० वाजता खाट क्रमांक नऊवरील रुग्ण अत्यवस्थ झाला. सेजल तिकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "सर, इथं बघा जरा, मी आलेच."

२.३५ वाजता साळूबाईने माझ्याकडे पाहिले. ती म्हणाली, "अहो, आठवतं का, पयल्यांदा तुमी मला". येथे तिचा श्वास संपला. सहा शब्द. तिने हात वर करून मला थांबण्याची खूण केली, म्हणजे पुढे सांगायचे होते. मी थांबलो नाही. उठून मापकाचे चाक फिरवले. गोळी सहावर आली.

माझा त्या वेळचा विचार असा होता: ऑक्सिजन दोन असताना ती सहा शब्द बोलते, तो वाढवला तर वाक्य पुरे होईल. चार दिवसांत शब्द औषधांनी वाढले होते. हा हेत्वाभास आहे. अशी उदाहरणे मी एकतीस वर्षे विद्यार्थ्यांकडून खोडून घेतली.

२.५० वाजता आकडा ९७ झाला. मानेच्या शिरा सैल झाल्या, डोळे मिटले. चार रात्री ती बसून होती. आता उशीला टेकली. मला सूचना आठवत होती. मी हाक मारली नाही. वही उघडी ठेवून बसलो.

३.२५ वाजता सेजल आल्या. "मावशी! ओ मावशी!" त्यांनी खांदा हलवला, डॉक्टरांना बोलावले, गोळी एकदम न पाडता टप्प्याटप्प्याने खाली आणली. मनगटातून रक्त घेतले, तोंडावर यंत्राचा मुखवटा बसवला. मग विचारले, "गोळी कोणी हलवली?" मी बोललो नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पुन्हा विचारले नाही. हर्षद संध्याकाळी पोहोचला. ती त्याच्याशी बोलली नाही. दि. १२ रोजी सकाळी ११.४० वाजता ती वारली.

मृत्यू माझ्या कृतीने झाला की आजाराने, हे वैद्यकीय तज्ज्ञांनी ठरवावे. चाकावर हात कोणाचा होता, एवढेच मी सांगतो. पाच दिवस मी गप्प राहिलो. मौन म्हणजे असत्य विधान नव्हे, असा युक्तिवाद मी स्वतःशी केला. तो टिकत नाही, कारण त्या मौनावर सेजल यांना कामावरून थांबवले गेले आहे. माझ्या पत्नीचे माहेर दासगाव; सेजल तिला आपल्या गावची लेक म्हणून सांभाळत होत्या. त्यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही.

वही हजर करीत आहे. तिच्या शेवटच्या नोंदीतील पुढचे शब्द कोणते असावेत, असे मला येथे विचारण्यात आले. आमच्या एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी मला पुष्कळ आठवतात. त्यांतली तिच्या मनात कोणती होती, हे ठरवण्यास माझ्याकडे आधार नाही. त्या पानाचा खालचा भाग कोरा आहे. चौकशी झाल्यावर वही तशीच परत मिळावी.

हा मजकूर महिला हवालदार प्रियदर्शिनी यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. साळूबाईचे वाक्य तुटते तेथे त्या थांबल्या व माझ्याकडे पाहू लागल्या. तेवढेच आहे, पुढे वाचा, असे मी सांगितले. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

(मालोजी रावजी उतेकर)