खिळा

(कळंबमधलं फवारणीच्या औषधांचं दुकान. काउंटरमागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पदवी टांगलेली.)

शिवप्रिया: ...म्हणजे बघा काका, तीन वर्षांची फी, लातूरची खोली, मेस, एसटी, सगळं धरून पावणेतीन लाख. आणि बायोटेक होऊन अक्काला पुण्यात मिळतात किती, तर सोळा हजार. त्यातले दहा खोलीत नि डब्यात जातात. हे पैसे वसूल होईस्तोवर माझे केस पांढरे होतील.

अमरनाथ काका: तू नोकरीचा हिशोब लावायलीस. भिंतीचा लाव.

शिवप्रिया: भिंतीचा कसला हिशोब?

अमरनाथ काका: ही तुझ्या अक्काची पदवी का टांगलीय? औषध विकायला असली पदवी लागती. म्या दहावीला दोनदा बसलो, दोनदा उठलो. दुसऱ्याच्या पोराची भाड्यानं घ्यावी तर महिन्याला पाच हजार, वर दिवाळीला कपडे मागतो. म्हणून निकिताची फी म्याच भरली. आता सोनारीला दुसरं दुकान टाकायलोय. तिथं तुझी.

शिवप्रिया: आणि मी दुकानात येऊन काय करायचं?

अमरनाथ काका: कायबी न्हाय. तू कुठंबी राहा. कागद इथं पाहिजे.

शिवप्रिया: भारी की. मी अंथरुणात लोळत असले तरी माझी पदवी कामावर.

अमरनाथ काका: आता कसं ध्यानात आलं. उद्या प्रवेशाची शेवटची तारीख. ह्यो चेक. तुझ्या अप्पांनी होकार दिलाय.

निकिता: शिवा, हात लावू नको त्याला.

शिवप्रिया: अक्का? तू दिवाळीला येणार होतीस ना? आणि डोळे बघ, प्रवासभर झोपली नाहीस का?

निकिता: काका, माझी पदवी खाली काढून द्या.

अमरनाथ काका: आधी बस. पाणी पी.

निकिता: उभी बरी आहे. काल खोलीवर कृषी ऑफिसची नोटीस आली. माझ्या नावानं. धोंडीबा कोण?

अमरनाथ काका: गिऱ्हाईक हाय. सोयाबीनवाला.

शिवप्रिया: कस्तुराबाईंचे मालक का? काका, त्या परवा पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर रिकामी बाटली घेऊन. मी पाणी दिलं तर पिल्या नाहीत. तुम्ही म्हणालात, पैसे परत मागायला आलीय.

निकिता: धोंडीबा सहा दिवस सोलापूरला दवाखान्यात आहेत. शुद्धीवर नाहीत. दोन औषधं एकत्र करून फवारा, हे त्यांना कुणी सांगितलं?

अमरनाथ काका: आळी हटंना म्हणून त्यो रडकुंडीला आलेला. सगळेच दुकानदार सांगतेत. वारं उलटं, त्यानं तोंडाला फडकं बांधलं न्हाय. त्याला म्या काय करू?

निकिता: नोटिशीत लिहिलंय, सल्ला निकितानं दिला. खाली माझी सही. पाच वर्षांत मी या काउंटरमागं पाऊल ठेवलं नाही, काका. माझी सही आली कुठून?

शिवप्रिया: अक्का...

निकिता: थांब गं.

शिवप्रिया: अक्का, कुणाला काय औषध सांगितलं, ती वही असते ना. त्यात तुझी सही लागते. काका म्हणाले, तुमचं दोघींचं अक्षर सारखंय. मग दर शनिवारी, शाळा सुटल्यावर, मी आठवड्याच्या सगळ्या एकदम...

निकिता: तू?

शिवप्रिया: मला वाटलं, हजेरीसारखं असतं. नावं वाचतसुद्धा नव्हते मी. काका आइस्क्रीम द्यायचे.

अमरनाथ काका: घरातल्या घरात हाय सगळं. बाहेर कुणाला कळायचं न्हाय.

शिवप्रिया: धोंडीबांच्या ओळीवरपण मीच केली असेल.

निकिता: स्टूल दे इकडं, शिवा. मी काढते चौकट.

अमरनाथ काका: काढ बापडे. नोटिशीत नाव गेलंय ते भिंतीवरून काढून पुसतंय व्हय?

शिवप्रिया: काका, मला तुमचा चेक नको. वर्षभर शिकवण्या घेईन, पुढच्या वर्षी बघीन. आणि ती वही मला द्या. मी स्वतः कृषी ऑफिसात जाऊन सांगते, सह्या कुणाच्या आहेत.

अमरनाथ काका: वही कपाटात हाय. कुलपात.

शिवप्रिया: चावी द्या.

अमरनाथ काका: आठवीपासनं सह्या करायलीस तू, पोरी. त्या ऑफिसात काय सांगशील? अक्काला वाचवायला जाशील आन् सोताच अडकशील. तुझ्या अप्पाच्या जिवाला ते सोसंल का, बघ. म्हणून म्या ती वही जपून ठेवलीय. तुमच्या दोघींसाठीच.

निकिता: चल, शिवा. घरी चल.

शिवप्रिया: अक्का, आणि चौकट? स्टूल धरलंय मी.

निकिता: स्टूल सोड. चल.

अमरनाथ काका: चेक राहिला, शिवा. आन् निकिता, चौकट ने, पण त्यो खिळा उपसू नको. शिवाची यायला तीन वर्षांचाच तर सवाल हाय.