मंगळवारचा इल्पो, गुरुवारचा यार्को

...आणि मिटवायचंच होतं भांडण, तर रेकॉर्डिंग झाल्यावर मिटवायचं होतं ना! चौदा वर्षं थांबलात, अजून दोन महिने थांबला असतात तर काय आमच्या वार्काउस गावचं तळं आटलं असतं? तुम्हाला सांगतो, कोणी भांडलं की लोक हळहळतात, मध्ये पडतात, समजूत घालतात... अरे, पण त्या भांडणावर कोणाचं काय चाललंय, ते बघाल की नाही? आमचा अख्खा बँड चालला होता त्या भांडणावर! भांडत होते तोवर बरं होतं हो!

नाही, थांबा, नीट सांगतो. तसं मला नीट सांगता येत नाही. शाळा सोळाव्या वर्षी सोडली ती त्याचसाठी, फळ्यासमोर उभं करून बोलायला लावायचे. बेस गिटार धरली तीही त्याचसाठी, बेसवाल्याकडे कोणी बघत नाही. इल्पो गातो, त्याच्याकडे बघतात. यार्को गिटार वाजवतो, त्याच्या बोटांकडे बघतात. क्योस्ती ड्रमवर घामाघूम होतो, म्हणून त्याच्याकडे बघतात. आणि मी, साम्पो... माझ्या आईनंच एकदा विचारलं, "काल तू होतास का रे स्टेजवर?"

सतराव्या वर्षी मी यांच्यात आलो आणि तिसऱ्याच आठवड्यात इल्पो आणि यार्को, हे दोघं भांडले. कशावरून? तर एका गाण्याच्या शेवटी ठोके तीन की चार! भर कार्यक्रमात यार्को तीनवर थांबला आणि चौथ्याला इल्पो एकटाच ओरडला. झालं! हजार माणसांत एकटा ओरडलेला माणूस फार दुखावतो हो... खाली उतरला तो बोलणंच बंद. मग बँड मोडला का? छे! मोडायचा तर तसं एकमेकांना सांगावं लागतं, आणि बोलणं तर बंद! म्हणून बँड चालू राहिला.

मग वार ठरले. जुन्या डेअरीमागे आमची सरावाची खोली आहे, तिथं मंगळवारी इल्पो, गुरुवारी यार्को. क्योस्ती आणि मी दोन्ही दिवस. चौघं एकत्र फक्त स्टेजवर. मंगळवारी इल्पो गाणं म्हणणार, ते टेप होणार, गुरुवारी यार्को ऐकणार आणि मला म्हणणार, "साम्प्या, त्याला सांग, हे गाणं नाही, आजारी गाय हंबरतेय!" पुढच्या मंगळवारी इल्पो दारातूनच, "काय म्हणाला तो दगड?"

आता सांगा, मी काय सांगू? गाय सांगू? मधले चार दिवस मी तळ्याकाठी हिंडायचो, डोकं खाजवायचो. गाय का म्हणाला असेल? वरच्या सुरात इल्पोचा घसा ताणला जातो, तेच खुपलं असेल. मग मंगळवारी खाली मान घालून, "यार्को म्हणतो, दोन पट्ट्या उतरून गाऊन बघ." इल्पो उसळायचा, "त्याला काय कळतंय!"... आणि उतरून गायचा. आज ते गाणं लोक लग्नात म्हणतात! शिवीतून काम काढायचं, एवढी एकच विद्या मला आली.

एकदा तर यार्कोनं एक गाणं ऐकलं, काही बोलला नाही, वायर गुंडाळली आणि निघून गेला. मी इल्पोला सांगितलं, "यार्को रडला." खोटं! साफ खोटं! पण इल्पोनं त्या महिन्यात चार गाणी केली. आठ अल्बम झाले हो असे. भांडत होते तोवर बरं होतं!

आणि जानेवारीत यार्कोची आई गेली.

तिच्या स्वयंपाकघरात इल्पो लहानाचा मोठा झालेला, त्याच्या घरी बाप पिऊन पडलेला असायचा. इल्पो येणार हे सगळ्यांना माहीत होतं. दफन झालं, चर्चच्या हॉलमध्ये कॉफी होती, आणि इल्पो भिंतीला टेकून उभा, ओल्या कोटात. यार्को किटली घेऊन त्याच्यासमोर गेला. यार्को म्हणाला, "घेणार?" इल्पो म्हणाला, "घेतो."

बस. चौदा वर्षं संपली. मी रडलो, देवाशपथ रडलो, आनंदानं! मला काय ठाऊक, कशासाठी रडायला हवं होतं ते...

पुढच्या मंगळवारी दोघं एकदमच आले. इल्पोनं गाणं केलं होतं, यार्कोच्या आईवर. पहिली ओळ होती, ‘तिनं कधी विचारलं नाही जेवलास का, ताटच वाढलं.’ अंगावर काटा आला माझ्या! आणि पुढं... पुढं सात कडवी नुसते देवदूत! पांढरे पंख, सोनेरी दारं, ढगच ढग... मी यार्कोकडे बघत होतो. पूर्वीचा यार्को काय म्हणाला असता, ते मला शब्दाशब्दानं ऐकू येत होतं, "साम्प्या, त्याला सांग, माझी आई देवदूतांनासुद्धा बूट काढल्याशिवाय घरात घेत नसे!" त्यावरून मी दोन दिवसांत काढलं असतं काम. देवदूत घालवा, ताट ठेवा, बूट ठेवा. गाणं झालं असतं हो!

यार्कोनं डोळे पुसले आणि म्हणाला, "छान आहे."

मग यार्कोनं चाल वाजवली, कोमट, गोड. इल्पो म्हणाला, "छान आहे." सहा आठवडे हेच! नऊ गाणी, नऊही छान! कोणी कोणाला दुखवेना. एकमेकांच्या कपात साखर घालतात, थंडी वाजते का विचारतात... भांडत होते तोवर बरं होतं हो!

क्योस्तीनं मला बाहेर बर्फात ओढलं. "साम्पो, बाकीची आठ गेली खड्ड्यात. पण म्हातारीचं गाणं असं नको जायला. मलाही वाढलंय तिनं."

"मग आत जाऊन सांग ना."

"मी? सांगायचं काम तुझं आहे, बाबा."

गेलो आत. आणि सवयीनं बोलून गेलो, "इल्पो, यार्को म्हणतो, देवदूत..."

"मी कधी म्हणालो?" यार्को. माझ्या शेजारी बसलेला!

इल्पोनं माझ्याकडे बघितलं, मग यार्कोकडे. "त्या गाण्याला तू रडला होतास ना रे?"

"रडलो? माझा दात दुखत होता!"

"आणि पट्टी उतरून गा म्हणालास?"

"मी गाय म्हणालो होतो."

दोघं माझ्याकडे वळले. तुम्हाला सांगतो, चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे कोणी बघत होतं. मला वाटलं, आता हाकलणार. इल्पो उठला, जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "म्हणजे ते सगळं तूच होतास की रे... मग आता तूच सांग. आईचं गाणं कसं झालंय? तुझं मत सांग, साम्पो."

कोणी विचारलं होतं का मला कधी असं? सगळं तोंडाशी आलं होतं हो. ताट ठेव, देवदूत काढ, एवढंच तर! पण यार्को बघत होता, डोळे अजून सुजलेले, आणि इल्पोचा हात माझ्या खांद्यावर... आणि मी म्हणालो,

"छान आहे."

क्योस्ती उठला. ड्रमच्या काड्या पिशवीत घातल्या आणि घरी गेला.

रेकॉर्डिंग झालं. देवदूत सातही कडव्यांत आहेत. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये वाजवणार आहोत. तुम्ही या. मनापासून ऐका. आणि नाहीच आवडलं, तर त्यांना काही बोलू नका... मला सांगा. मी बघतो, त्यांना काय सांगायचं ते.